कुंडीतली लिंबोणी

आमच्या घराच्या गॅलरीत एक लिंबोणी आहे. झाड म्हणावे, तर ती माझ्या खांद्यालाही लागत नाही. आणि रोप म्हणावे, तर तिचे वय आता दहा वर्षांच्या वर गेले आहे. कुंडीत मुळांना पसरायला जागा बेताचीच, म्हणून ती ठेंगणी राहिली. परंतु पाने, काटे, फुले, फळे यांपैकी कशातही ती उणी नाही. घरी येणारे पाहुणे तिच्याकडे कौतुकाने पाहतात, एखादा हसून विचारतोही, "बाजारात लिंबे मिळत नाहीत वाटतं?" मी नुसता हसतो. ही लिंबोणी आमच्याकडे कशी आली आणि माझ्या हातून ती कशी मरता मरता वाचली, हे त्या पाहुण्यांना कोठून ठाऊक असणार?

आमचे मूळ घर अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात. हा तालुका कागदी लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. साल कागदासारखी पातळ, म्हणून ते कागदी लिंबू. आमची काही मोठी बाग नव्हती; पण विहिरीच्या काठाला वडिलांनी लावलेले एक जुने झाड होते. मोटेची जागा पुढे विजेच्या पंपाने घेतली, विहिरीचा काठ बदलला. झाड मात्र तसेच उभे राहिले. वडील जेवायला बसले, की आई त्यांच्या ताटात डाव्या बाजूला आधी मीठ वाढी आणि मिठाशेजारी लिंबाची फोड ठेवी. फोड नसली, तर वडील काही बोलत नसत. पण ताटाकडे पाहत नुसते थांबून राहत. मग आम्हा मुलांपैकी कोणीतरी विहिरीकडे धूम ठोकी.

वडील गेल्यानंतर आई गावी एकटीच राहत होती. २०१४ साली शेताच्या कडेचा रस्ता रुंद करायचे ठरले आणि विहिरीकाठची पट्टी त्यात जाणार हे कळले. मी आईला म्हणालो, "आता तू पुण्यालाच चल." आई लगेच 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. तिने एवढेच विचारले, "झाड कधी तोडणार?" पावसाळा संपल्यावर तोडतील, असे मी सांगितले. "मग वेळ आहे," असे म्हणून ती उठली.

त्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडताच तिने झाडाला तीन गुट्या बांधल्या. मी तेव्हा गावी होतो, म्हणून मला ते सारे पाहायला मिळाले. पेन्सिलीएवढ्या जाडीची एक निरोगी फांदी तिने निवडली. तिच्यावरून बोटाच्या एका पेराएवढी साल गोल कापून काढली आणि आतला बुळबुळीत थर चाकूने हलकेच खरवडला. मग त्या उघड्या भागाभोवती ओले शेवाळ आणि थोडी खतमाती लपेटली, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला आणि दोन्ही टोके सुतळीने आवळली. लांबून पाहावे, तर फांदीच्या दुखऱ्या हाताला पट्टी बांधली आहे असे वाटावे.

या युक्तीमागचे कारण मोठे मनोरंजक आहे. पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते. साल काढली, की ते तेथेच अडते. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढत राहते. म्हणून फांदी वाळत नाही. अडलेल्या अन्नाच्या बळावर त्या ठिकाणी मुळे फुटतात. मुळे चांगली धरली, की त्यांच्या खाली फांदी कापावयाची आणि कुंडीत लावावयाची. बियांपासून वाढवलेल्या लिंबोणीला फळ धरायला पाच-सहा वर्षेही लागतात. गुटीचे झाड दोन-तीन वर्षांतच फळाला येते.

दोन महिन्यांनी पाहिले, तेव्हा तीन गुट्यांपैकी दोन सुकून गेल्या होत्या. तिसरीच्या कागदातून मात्र पांढरी, दोऱ्यासारखी मुळे दिसत होती. आईने ती गुटी उतरवली. पुढे काही आठवड्यांनी विहिरीकाठचे झाड तोडले गेले. त्या दिवशी आई शेताकडे गेली नाही. आणि पुण्याला येताना एस.टी.त तिने सगळे सामान माझ्याकडे दिले. ती गुटी मात्र शेवटपर्यंत स्वतःच्या मांडीवर ठेवली.

गाडीत मी सहज म्हटले, "जुन्या झाडाचं हे बाळच म्हणायचं!"

आई म्हणाली, "बाळ कसलं? तेच झाड आहे हे. त्याचाच हात नाही का?"

तिचे म्हणणे अगदी खरे होते. गुटीचे झाड म्हणजे मूळ झाडाचीच फांदी. ती फक्त स्वतःच्या मुळांवर उभी राहिलेली असते. विहिरीकाठी वडिलांनी लावलेले झाड आता जगात उरले होते, ते केवळ आईच्या मांडीवर.

पुण्यात आल्यावर आईने आधी आमची गॅलरी पाहिली. सकाळचे ऊन कोठवर येते, दुपारी किती वेळ राहते, हे तिने दोन दिवस न्याहाळले आणि ज्या कोपऱ्यात रोज निदान सहा तास ऊन मिळते, तो कोपरा लिंबोणीसाठी ठरवला. कुंडी मातीची, पसरट तोंडाची आणि बुडाला भोके असलेली घेतली. भोकांवर खापराचे तुकडे पालथे घातले. काळी माती तिने नको म्हणून सांगितले. ती पाणी धरून ठेवते आणि कुंडीत घट्ट बसते. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू एकत्र कालवून तिने कुंडी भरली आणि काठाशी दोन बोटे जागा रिकामी ठेवली. पाणी घालण्याचा तिचा नियम साधा होता. ती मातीत बोट खुपसून पाही. दोन पेरे खोलपर्यंत माती कोरडी लागली, तर पाणी. ओली लागली, तर नाही. मग कोणता वार आहे, किती दिवस झाले, याचा तिच्या लेखी काही संबंध नसे.

आई आल्याचा आम्हांला फार आनंद झाला होता. तिने आयुष्यभर कष्ट केले. आता तिला विश्रांती द्यावयाची, असे मी मनाशी पक्के ठरवले होते. ती भाजी निवडायला बसली, की मी म्हणे, "राहू दे, आई." ती केर काढायला उठली, की मी तिच्या हातातून केरसुणी काढून घेई. "तू फक्त बसून राहा," हे माझे पालुपद झाले होते. आई बसून राही. बसून बसून ती गप्प होत चालली. दिवसाकाठी लिंबोणीपाशी घालवलेली दहा मिनिटे सोडली, तर तिच्या चेहऱ्यावर टवटवी दिसत नसे. हे माझ्या ध्यानात आले नाही असे नाही. पण ते नव्या जागेमुळे असेल, हळूहळू रुळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

डिसेंबरात आई माझ्या बहिणीकडे दीड महिन्यासाठी नागपूरला गेली. जाताना लिंबोणी तिने माझ्या हवाली केली. म्हणाली, "जास्त काही करू नकोस. बोट घालून पाहत जा."

मी मात्र पुष्कळ काही केले. ते झाड म्हणजे आईचा जीव. त्याला काही उणे पडता कामा नये, या विचाराने मी सकाळी एक तांब्या आणि संध्याकाळी एक तांब्या पाणी घालू लागलो. बोट घालून पाहण्याचा मला विसर पडला असे नव्हे. माती ओलीच लागे. पण 'थोडे अधिक घातले तर बिघडले कोठे?' असे मला वाटे. पंधरा दिवसांनी खालची पाने पिवळी पडू लागली. मला वाटले, झाड भुकेले आहे. मी दोन मुठी खत घातले. पाने लोंबू लागली, तेव्हा मला वाटले, ते तहानेले आहे. मी तिसरा तांब्या सुरू केला. मग पाने गळू लागली. सकाळी गॅलरीचे दार उघडावे, तो कुंडीभोवती पिवळ्या पानांचा सडा पडलेला असे. मी ती पाने गुपचूप गोळा करून टाकून देई. नागपूरहून फोन आला, की आई विचारी, "झाड कसं आहे?" मी म्हणे, "बरं आहे." हे वाक्य उच्चारताना माझी जीभ अडखळे, पण खरे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

आई परत आली, तेव्हा झाडावर मोजून अकरा पाने होती. ती प्रवासातून आलेली. पाय धुण्याआधीच गॅलरीत गेली. मी दारात उभा राहिलो. ती रागावेल, निदान एखादा कठोर शब्द बोलेल, असे मला वाटत होते. तिने मातीत बोट घातले, बाहेर काढले, नाकाशी नेऊन हुंगले. मातीला कुबट वास येत होता.

"अरे," ती शांतपणे म्हणाली, "हे तहानेलं नाही. बुडालंय."

मग तिने मला समजावून सांगितले. मुळांना पाणी जितके लागते, तितकीच हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतली हवा मुळे घेतात. माती सतत पाण्याने भरलेली राहिली, तर त्या पोकळ्या बुजतात आणि मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत; म्हणून पाण्यात उभे असूनही झाड सुकते. पाहणाऱ्याला वाटते, ते तहानेले आहे. आणि तो आणखी पाणी घालतो. माझे नेमके हेच झाले होते.

आम्ही दोघांनी मिळून झाड कुंडीतून काढले. खालची मुळे तपकिरी झाली होती. बोटांनी ओढताच त्यांची साल निसटून येत होती. आईने कात्री धुऊन पुसून घेतली आणि कुजलेली मुळे एकेक करून कापली. कोठे पांढरे, टणक मूळ दिसले, की ती थांबे आणि म्हणे, "हे आहे अजून." अशी सात-आठ मुळे निघाली. मुळे कमी झाल्यामुळे वरचा भारही हलका करावा लागला. तिने फांद्यांचे शेंडे छाटले. नव्या, कोरड्याशा मातीत झाड लावले, एकदा पाणी दिले, ते खालच्या भोकांतून पूर्ण निथळू दिले आणि कुंडी काही दिवस कडक उन्हापासून आडोशाला ठेवली. खत मुळीच घातले नाही. "आजारी माणसाला कोणी पुरणपोळी वाढतं का?" ती म्हणाली.

त्यानंतर करण्यासारखे काही उरले नव्हते. उरले होते ते केवळ थांबणे. आणि मला ते सर्वांत अवघड गेले. दररोज मी कुंडीपाशी जाई आणि हातात तांब्या नाही म्हणून बेचैन होई. चौथ्या आठवड्यात एका फांदीच्या बेचक्यात मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. मी हाक मारली. आईने चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाली, "धरलं."

त्या चार आठवड्यांत मी एका वेगळ्याच गोष्टीचा विचार करीत होतो. झाडावर माझे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण मी झाडाकडे पाहतच नव्हतो. मी माझ्या प्रेमाकडे पाहत होतो. मला द्यावेसे वाटत होते, म्हणून मी देत होतो. त्याला काय हवे आहे, हे विचारायला मातीत बोट घालणे एवढेच पुरेसे होते. आणि मग मला आईची आठवण झाली. 'तू फक्त बसून राहा' असे म्हणून तिलाही मी असाच तांब्यावर तांब्या ओतत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजीची टोपली घेऊन बसली, तेव्हा मी काही बोललो नाही. तिच्यासमोर बसलो आणि मेथीची एक जुडी स्वतःपुढे ओढली. आईने माझ्याकडे पाहिले. ती म्हणाली, "देठं राहतायत तुझी. नीट निवड." पुष्कळ दिवसांनी तिचा तो जुना आवाज मी ऐकत होतो. पुढे हळूहळू स्वयंपाकघरातले तिचे राज्य तिने परत मिळवले.

झाड पुन्हा पालवले आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्यावर नवे संकट आले. आमची धाकटी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. एके दिवशी तिने हाक मारली, "आजी, पानांवर पक्ष्यांनी घाण केली आहे!" आईने वाकून पाहिले आणि हसली. ती घाण नव्हती. त्या अळ्या होत्या. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या लहानपणी काळपट तपकिरी आणि मध्ये पांढऱ्या असतात. त्या थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी त्यांना खात नाहीत. मोठ्या झाल्या, की त्या पानासारख्या हिरव्यागार होतात. मुलीने एकीला काडीने हलकेच स्पर्श केला, तशी तिने डोक्यामागून शेंदरी रंगाची दुहेरी शिंगे बाहेर काढली आणि उग्र वास सुटला. शत्रूला भिवविण्याची ती तिची युक्ती.

एकूण सात अळ्या होत्या आणि झाडाला पाने होती जेमतेम चाळीस. गावी असताना आई अळ्या वेचून चिरडून टाकी. शेतकऱ्याला दुसरा मार्ग नसतो. पण मुलीचे डोळे पाण्याने भरले. "आजी, त्यांची फुलपाखरं होणार आहेत ना?" बराच वेळ वाटाघाटी झाल्या. अखेरीस असे ठरले, की सहा अळ्या शेजारच्या बंगल्याच्या आवारातील मोठ्या लिंबोणीवर मालकांना विचारून सोडावयाच्या. त्या झाडाला सहा अळ्यांचे ओझे वाटणार नव्हते. एक मात्र आमच्याकडे राहील. त्या एकीने पंधरा पाने फस्त केली. मग ती एका फांदीला रेशमाचा बारीक दोरा कमरेभोवती बांधून लटकली आणि तिचा कोश झाला. एके सकाळी कोश फुटला. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि मागच्या पंखांवर एकेक तांबडा ठिपका असलेले फुलपाखरू पंख वाळवत बसले होते. तासाभराने ते गॅलरीच्या कठड्यावरून उडाले. आई म्हणाली, "पंधरा पानं फुकट नाही गेली."

त्या निमित्ताने मुलीला पानांचा नाद लागला. लिंबाचे पान उजेडासमोर धरले, तर त्यात सुईने टोचल्यासारखे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. त्या असतात सुगंधी तेलाच्या पिशव्या. पान चुरगळले, की वास येतो तो त्यांचाच. असेच ठिपके तिला कढीपत्त्याच्या आणि बेलाच्या पानांतही आढळले. लिंबू, कढीपत्ता, बेल, कवठ ही सारी एकाच कुळातील झाडे आहेत, हे मी तिला पुस्तकात शोधून दाखवले. लिंबूवर्गीय झाडांचे मूळ स्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याचा प्रदेश असावा आणि आपले कागदी लिंबू हा महाळुंग व एक रानटी जात यांच्या संकरातून जन्माला आलेला वंश आहे, असे शास्त्रज्ञांनी अनुवंशाच्या अभ्यासावरून दाखवले आहे. श्रीगोंद्याच्या विहिरीकाठी येण्याआधी या झाडाच्या पूर्वजांनी केवढा प्रवास केला होता!

तिसऱ्या वर्षी झाड हिरवेगार आणि डेरेदार झाले. पण फूल येईना. २०१७ सालच्या जानेवारीत आईने त्याचे पाणी तोडले. मी घाबरलोच. ती म्हणाली, "याला ताण दिला पाहिजे. सगळं आयतं मिळालं, की झाड नुसतं पानांत रमतं." लिंबू-संत्र्याचे बागाईतदार बहार धरण्यापूर्वी असाच ताण देतात. जमिनीतील झाडाला तो महिनाभरही देतात. कुंडीतील झाडाला आईने आठ-दहा दिवसच दिला. ती रोज पाने पाहत होती. दुपारी पाने मलूल होऊ लागली, चार-दोन गळली, तेव्हा तिने वरची माती खुरप्याने हलवली, शेणखत घातले, पहिल्या दिवशी थोडे आणि मग नेहमीसारखे पाणी दिले. जादा पाण्यानेही पाने गळतात आणि ताणानेही गळतात. पण एकात अजाणतेपण असते आणि दुसऱ्यात जाणतेपण. हा भेद मला आता कळू लागला होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस झाड कळ्यांनी भरले. पांढऱ्या, टोकाशी किंचित जांभळट कळ्या. त्या उमलल्या, तेव्हा साऱ्या घरात मंद सुवास दरवळला. तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या कोठून आल्या, कोण जाणे. पण त्या आल्या. पुष्कळ फुले गळाली, काही फळे मोहरीएवढी होऊन गळाली. मुलगी हिरमुसली. "झाड आपल्या ताकदीपुरतीच ठेवतं," आईने सांगितले. शेवटी चार लिंबे टिकली. ती हिरवी गर्द होती, मग फिकट झाली, मग त्यांवर पिवळी झाक आली.

त्या भाद्रपदात पितृपक्षात वडिलांच्या तिथीला आईने स्वयंपाक केला. मी आणि मुलगी तिच्या हाताखाली होतो. नैवेद्याचे ताट वाढताना तिने डाव्या बाजूला मीठ वाढले आणि मुलीला म्हणाली, "जा, एक लिंबू तोडून आण." मुलगी गॅलरीकडे धावली. आम्ही विहिरीकडे धावत असू, अगदी तशीच. आईने लिंबू चिरले, फोड मिठाशेजारी ठेवली आणि ताटाकडे पाहत क्षणभर थांबली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "रस चांगला आहे."

आता आमच्या लिंबोणीलाही अधूनमधून गुट्या बांधल्या जातात. बांधते आमची मुलगी. आई खुर्चीत बसून सूचना देते. एक झाड बहिणीकडे नागपूरला गेले, एक मुलीच्या शाळेच्या अंगणात लागले. प्रत्येक झाड देताना मुलगी घेणाऱ्याला बजावून सांगते, "जास्त काही करू नका. बोट घालून पाहत जा." आणि असे सांगताना ती हळूच माझ्याकडे पाहून हसते.